कट्यार तोंडात धरलेले मांजर

गोंदिया जिल्ह्यात खड्गदंती मांजराचे हाड शोधायला कुणी निघालाच, तर त्याने भाकरी बांधून घ्यावी आणि संध्याकाळी हात हलवत घरी परतायची तयारीही ठेवावी. जंगलाची इथे कमी नाही. नागझिरा आहे, नवेगाव आहे, वाघ आहे, बिबट्या आहे, सालेकसा तालुक्यात कचारगडच्या गुहा आहेत. फक्त दगड चुकीचा आहे. आमगावच्या बाजूला जो कठीण, पट्ट्यापट्ट्यांचा खडक जमिनीतून डोके वर काढतो, त्याला भूवैज्ञानिक ‘आमगाव नाइस’ म्हणतात. तालुक्याच्या या गावाचे नाव दूरदूरच्या शोधनिबंधांत पोचले ते या खडकापायी. त्याचे वय अब्जांत मोजतात. सुमारे अडीच अब्ज वर्षे. तो घडला तेव्हा हाड ही वस्तूच पृथ्वीवर नव्हती. कणा असलेला पहिला जीव यायला अजून दोन अब्ज वर्षे जायची होती.

आणि वरची माती? धानाच्या बांध्यांतली, बोडीच्या गाळातली, वैनगंगेच्या काठची माती त्या मानाने कालपरवाची. सातबाऱ्यावर खापरपणजोबाचे नाव आहे, आजच्या मालकाचेही आहे. मधल्या सगळ्या पिढ्यांचे फेरफार तेवढे गहाळ, असा हा प्रकार. आपल्याला हवी ती मधलीच पिढी. वीस-पंचवीस लाख वर्षांपूर्वीची.

गुहा आहेत ना, मग गुहेत बघू, असे कुणी म्हणेल. म्हणणे रास्त आहे. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८०च्या दशकात आंध्रातल्या कर्नूलजवळ बिल्लासुर्गमच्या गुहा खणल्या, तेव्हा गेंड्यापासून तरसापर्यंत नाना जनावरांची हाडे बाहेर आली. पण त्या गुहा चुनखडीच्या आहेत. चुनखडीतून झिरपणारे पाणी हाडाला सांभाळते, त्याच्या रंध्रांत चुना भरून त्याचा दगड करते. कचारगडचा खडक चुनखडी नव्हे. तिथे माघी पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी यात्रा भरते, माणसांचा पूर लोटतो. हाड टिकवायचे काम मात्र तो डोंगर करत नाही.

म्हणून हे मांजर पाहायला उत्तरेकडे जावे लागते, शिवालिकच्या टेकड्यांत. तिथे हिमालय उठत होता आणि नद्या त्याचा चुरा खाली आणून टाकत होत्या. लाखो वर्षे, एकावर एक, हजारो मीटर जाडीचा गाळ. नदीकाठी मेलेले जनावर पुढच्या पुरात गाडले जायचे. मग तो गाळच उचलला गेला, वाकला, पावसाने चिरला आणि जुनी हाडे उताराला पुन्हा उघडी पडली. पुरणाराही निसर्ग आणि उकरणाराही तोच. माणसाने नुसते चालायचे आणि खाली बघायचे. फिरोजशाह तुघलकाच्या काळात कालवा खणताना राक्षसांची हाडे निघाली, असा उल्लेख फिरिश्ताच्या इतिहासात आहे. १८३०च्या दशकात ह्यू फाल्कनर नावाचा स्कॉटिश डॉक्टर सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता आणि प्रॉबी कॉटली हा अभियंता त्याच मुलखात कालव्यांची कामे बघत होता. पुढे गंगेचा कालवा काढला तो याच कॉटलीने. दोघांनी नोकरी सांभाळून हाडे गोळा केली. इतकी, की १८३७ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेने दोघांना मिळून वोलास्टन पदक दिले. हत्तींचे पूर्वज, पाणघोडे, अवाढव्य कासव, शिंगांचा भार डोक्यावर वागवणारे जिराफकुळीतले ‘शिवाथेरियम’, असा तो सगळा मेळा. आणि त्यात एका मार्जाराचे अवशेष, ज्याचे वरचे सुळे भलतेच लांब आणि चपटे होते. १८५३ साली पोमेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला फाल्कनरचे नाव दिले: मेगँटेरिऑन फाल्कनेरी.

‘मेगँटेरिऑन’चा अर्थ मोठा पशू. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. हा प्राणी वाघाएवढा तर नव्हताच, सिंहाएवढाही नव्हता. खांद्याशी उंची सुमारे सत्तर सेंटीमीटर. म्हणजे आपल्या बिबट्याच्या आसपास, फक्त अंगाने पुष्कळ दणकट. दक्षिण अमेरिकेतला जॅग्वार डोळ्यांसमोर आणला तर अंदाज जवळ जातो. नाव इतके का फुगले, तर सुरुवातीला लोकांच्या हाती नुसते दात आले होते. इटलीत आर्नो नदीच्या खोऱ्यात असे सुटे सुळे सापडले, तेव्हा हाडांच्या शास्त्रातला त्या काळचा सर्वांत मोठा अधिकारी, जॉर्ज क्युव्हिए, याने १८२४ साली ते अस्वलाचे ठरवले. नावही दिले: सुरीसारख्या दातांचे अस्वल. एका हाडावरून सगळा प्राणी सांगतो अशी ज्याची ख्याती, त्याचा हा अंदाज. मला या चुकीत हसण्यासारखे फारसे वाटत नाही. त्या दाताचा आडवा छेद चपटा आहे आणि आज जिवंत असलेल्या एकाही मांजराचा सुळा असा नाही. क्युव्हिएने मांजर आधी बाद केले, ते तर्काला धरूनच होते.

पुढे फ्रान्समध्ये सेनेझ या गावी जवळजवळ अख्खा सांगाडा मिळाला आणि चित्र सरळ झाले. मान लांब आणि जाड, तिच्या मणक्यांवर स्नायू धरायला रुंद पंख. पुढचे पाय मागच्यांपेक्षा दणकट, पंजे मोठे, अंगठ्याची नखी खास जाड. पाठ आखूड. शेपूट तर जवळजवळ नाहीच, लिंक्ससारखा गोंडा. खालच्या जबड्याला पुढे, हनुवटीच्या दोन्ही बाजूंना, हाडाच्या खाली उतरलेल्या पाळ्या. तोंड मिटले की लांब सुळे या पाळ्यांना लागून उभे राहत. कट्यारीला म्यान असावे तसे. सुळ्यांच्या घाटावरून खड्गदंती मार्जारांचे अभ्यासक दोन तऱ्हा करतात. एकीचे सुळे रुंद, आखूड आणि करवतीसारख्या दात्यांचे. दुसरीचे लांब, निमुळते, कडा जवळपास गुळगुळीत. मेगँटेरिऑन दुसरीतला. आपल्याकडे तलवार आणि कट्यार असा फरक करतात, तोच इथेही.

एकदा नागझिऱ्याच्या चोरखमारा गेटवर जिप्सीची वाट पाहत बसलो होतो. शेजारी एक शाळकरी मुलगा होता. माझ्या वहीतले या प्राण्याच्या कवटीचे चित्र त्याने बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, “काका, मंग तो खात कसा असन?”

सगळा विषय या प्रश्नात आहे. मोठी माणसे विचारतात, तो मारत कसा असेल. मुलाने बरोबर अडचणीवर बोट ठेवले होते. सुळे इतके लांब की नेहमीसारखे तोंड उघडून चावायला गेले तर खालचा आणि वरचा दात यांच्यात घास मावेल एवढी फटच उरत नाही. उत्तर जबड्याच्या सांध्यात आहे. सिंहाचे तोंड फार तर ६५-७० अंशांपर्यंत उघडते; या कुळातला सर्वांत गाजलेला सदस्य, अमेरिकेतला स्मायलोडॉन, नव्वद अंश किंवा त्याहूनही जास्त आ वासू शकत होता. आणि खायचे म्हणाल तर कुठलेच मांजर सुळ्यांनी खात नाही. घरच्या मांजरीला मासा टाकून बघा. मान कलती करून ती गालाच्या बाजूने चावते. तिथे कातरीच्या पात्यांसारख्या दाढा असतात. मेगँटेरिऑनही तसाच बाजूने मांस कातरत असणार. सुळे तोवर बाजूला, जेवताना खरकटे लागू नये म्हणून आपण बाही सांभाळतो तसे सांभाळलेले.

आता मारण्याकडे. नागझिऱ्यातला वाघ सांबर कसे घेतो हे ज्यांनी पाहिले आहे, किंवा मारलेल्या सांबराची मान तपासली आहे, त्यांना पुढचा फरक चटकन कळेल. वाघाचा सुळा गोल, जाड, मुळाशी भक्कम. सहा-सात सेंटीमीटरचा खिळाच. जनावर झटापट करते, मान झटकते, सुळा कधी हाडावर आपटतो. गोल असल्यामुळे कुठल्याही बाजूने ताण आला तरी तो सोसतो. वाघ गळा पकडतो आणि धरून ठेवतो, श्वास बंद होईपर्यंत. कधी मिनिटे जातात. लहान जनावराची मान मागून मोडतो. रानगव्यासारखे थोराड धूड असेल तर आणखी वेगळी युक्ती. एका सुळ्यावर चार तऱ्हेची कामे भागतात.

चपट्या सुळ्याला हे परवडत नाही. पुढून मागे ताण आला तर तो टिकतो. आडवा झटका बसला तर काडीसारखा मोडतो. हाडावर घासला तरी धोका. शिवाय स्मायलोडॉनच्या कवटीची संगणकावर प्रतिकृती करून २००७ साली जो अभ्यास झाला, त्यात त्याच्या चाव्याचा जोर सिंहाच्या साधारण एक तृतीयांश निघाला. एवढे भयंकर हत्यार आणि जबड्यात जोर नाही! पण हिशेब जुळतो. जबडा फार उघडायचा तर त्याचे स्नायू लांब आणि त्या मानाने अशक्त ठेवावे लागतात. उरलेला जोर मान पुरवते. जनावर आधी खाली पाडायचे, पुढच्या दणकट पायांनी आणि जाड नखीने ते असे दाबायचे की त्याला हलताच येऊ नये, मग तोंड पुरते वासून गळ्यावर ठेवायचे आणि मानेच्या स्नायूंनी डोके खाली ओढायचे. सुळे मऊ गळ्यात उतरतात, रक्तवाहिन्या आणि श्वासनळी एकदम तुटते. काम काही क्षणांचे. वाघाची धरून बसण्याची रीत इथे चालायची नाही. वेळ जितका जास्त, तितका दात मोडायचा संभव जास्त.

म्हणूनच चित्रपटात दिसतो तसा, अंगावर उडी घेऊन हवेतच सुळे खुपसणारा खड्गदंती मला पटत नाही. इतके नाजूक हत्यार बाळगणारा प्राणी असा बेफाम वागला असता तर वर्षभरात बोळका झाला असता. मेगँटेरिऑन हा दबा धरणारा होता, धावणारा नव्हे. आखूड पाय, जड खांदे, शेपटीचा पत्ता नाही. रानकुत्र्यांसारखे कोसभर पाठलाग करणे त्याच्या अंगातच नव्हते. झाडोरा, नदीकाठचे गवत, पाणवठ्याची वाट, अशा जागी बसून राहायचे आणि थोड्या अंतरात काम उरकायचे. शिवालिकच्या गाळात त्याच्या सोबतीला घोडे, हरणे, गाईच्या कुळातली रानटी जनावरे यांची हाडे सापडतात. जेवणाची पंगत भरलेली होती.

या प्राण्याला सर्रास ‘सुळेदार वाघ’ म्हणतात. शब्द सोपा आहे, पण नाते चुकते. आजचा वाघ, बिबट्या, अगदी चुलीजवळ झोपलेली मांजरसुद्धा, एका शाखेतले. खड्गदंत्यांची शाखा त्यांच्यापासून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी फुटून निघाली आणि पुढे वारस न ठेवता संपली. नागझिऱ्याच्या वाघाचा मेगँटेरिऑन हा आजा-पणजा नव्हे. लांबचा चुलता म्हणा हवे तर. गंमत अशी की लांब चपटा सुळा ही कल्पना निसर्गाला पुनःपुन्हा सुचली आहे. दक्षिण अमेरिकेत थायलॅकोस्मायलस नावाचा प्राणी होता. त्याचे नाते मांजरांशी नव्हे, कांगारूंच्या गणगोताशी. तरी सुळे तसेच आणि खालच्या जबड्याला म्यानासारख्या पाळ्याही तशाच.

हाडावरून एवढे कळते. कातडीचे काय? सांगाड्यावर रंग नसतो. पुस्तकांतल्या चित्रांत कुणी या प्राण्याला ठिपके देतो, कुणी पट्टे, कुणी सिंहासारखा सपाट वाळूचा रंग. सगळे चित्रकाराचे मन. हिमाचल प्रदेशात मार्कंडा नदीकाठी सुकेती इथे १९७४ पासून शिवालिकच्या प्राण्यांचे जीवाश्म उद्यान आहे, तिथे हत्ती-कासवांबरोबर खड्गदंती मांजराचीही पूर्ण आकाराची प्रतिकृती उघड्यावर उभी आहे. मूर्तिकाराला कुठला तरी रंग द्यावाच लागला. ठिपके जास्त संभवतात असे मला वाटते, कारण झाडोऱ्यात दबा धरणाऱ्या मांजरांना ते उपयोगी पडतात. पण हे वाटणे आहे, पुरावा नव्हे.

पुरावा मिळाला तो एका चुलत भावंडाचा, आणि तोही बर्फात. सैबेरियातल्या याकुतियामध्ये बादयारिखा नदीच्या काठी २०२० साली गोठलेल्या जमिनीतून एक पिल्लू निघाले. होमोथेरियम या खड्गदंती मांजराचे, अवघे तीन आठवड्यांचे, आणि सुमारे पस्तीस हजार वर्षांपूर्वी मेलेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. डोके, पुढचे पाय, छातीचा भाग जसाच्या तसा. मिशांची जागा दिसते, पंजे दिसतात. अंगावर आखूड, दाट, मऊ लव, रंग गडद तपकिरी. सिंहाच्या त्याच वयाच्या छाव्याशी ताडून पाहिले, तर कान लहान, तोंडाची फट मोठी, पुढचे पाय लांब आणि मान पुष्कळ जाड. म्हणजे सांगाड्यांवरून अभ्यासकांनी मानेबद्दल जे म्हटले होते, ते तीन आठवड्यांच्या पिल्लातही उतरलेले. रंगाबद्दल मात्र घाई नको. होमोथेरियम थंड, उघड्या मैदानांत राहणारा. शिवालिकचा मेगँटेरिऑन उबदार झाडोऱ्यातला. पिल्लाचा रंग मोठेपणी राहतोच असेही नाही, सिंहाच्या छाव्यांना ठिपके असतात.

मेगँटेरिऑनच्या शेजाऱ्यांत एक महत्त्वाचा होता: पॅकीक्रोकुटा नावाचे अजस्र तरस. खड्गदंती मांजर मऊ मांस कातरून घेणार, हाडाला तोंड लावणार नाही, कारण दात जपायचे. म्हणजे मागे उरायचे बरेच. नागझिऱ्यात वाघाने मारून टाकलेल्या गाऱ्यावर कोल्हे, रानडुकरे येतात, त्या काळी हे तरस यायचे आणि हाडे फोडून मगज खायचे. स्पेनमधल्या ओर्से इथल्या हाडांच्या ढिगांचा अभ्यास करणाऱ्यांनी एक मत मांडले आहे: आदिमानवही या उष्ट्याचे गिऱ्हाईक असावेत. जॉर्जियातल्या दमानिसी इथे सुमारे अठरा लाख वर्षांपूर्वीच्या थरांत माणसाच्या पूर्वजांच्या कवट्या आणि मेगँटेरिऑनची हाडे एकाच ठिकाणी मिळतात, तेव्हा शेजार होता हे तर खरेच. उष्टे खाल्ले म्हणजे आपल्या पूर्वजांचा अपमान झाला असे काहींना वाटते. मला तरी वाटत नाही. फुकटचे मांस, फक्त तरसाआधी पोचायचे. डोके लागते त्याला.

मग हा संपला कसा? आफ्रिकेतून तो सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी गेला, युरोप-आशियातून त्यानंतर बऱ्याच काळाने. हवामान थंड-कोरडे होत गेले, झाडोरा फाटून गवताळ मैदाने पसरली. दबा धरणाऱ्याला आडोसा लागतो. नवे शिकारी आले, तरस होतेच, हत्यारवाला माणूसही वाढत होता. यांतले नेमके कोणते कारण मोठे, यावर वाद आहेत आणि राहतील. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. वाघ सांबर मिळाले तर सांबर खातो, नाही तर चितळ, डुक्कर, माकड, वेळ आली तर साळिंदरसुद्धा. ज्याच्या तोंडात कट्यार आहे त्याची शिकार ठरावीक मापाची असावी लागते. फार लहान प्राणी निसटतो, दोन पंजांत दाबायला तो पुरतच नाही. फार मोठा असेल तर झटापट वाढते.

आणि पिल्लांचे हाल वेगळेच. कॅलिफोर्नियातल्या ला ब्रेआच्या डांबरी खड्ड्यांत स्मायलोडॉनचे दोन हजारांहून अधिक प्राणी अडकून मेले, त्यात पिल्लेही होती. म्हणून दात कसे वाढत हे नीट मोजता आले. पक्का सुळा महिन्याला सुमारे सहा मिलिमीटर वाढायचा. तो पुरता यायला तिसरे वर्ष उजाडायचे. मधले काही महिने दुधाचा सुळा आणि पक्का सुळा एकाच वेळी तोंडात, एक दुसऱ्याला टेकलेला. नागझिऱ्यातली वाघीण पिल्लांना दीड-दोन वर्षे जवळ ठेवते, मग स्वतःच त्यांच्यावर गुरगुरून त्यांना हाकलते. स्मायलोडॉनच्या पोराला त्या वयात अर्धवट दात. तोवर गळा कातरायचे काम आईचेच, आणि तिचा एक सुळा जरी मोडला तरी ती पोरे उपाशी.